ओढ्यातलं हलकं लोखंड

ओढा काही एका दिवसात लाल झाला नाही. आधी पुलाखालच्या दगडांवर तांबूस साय धरली. मग काठच्या गवताची मुळं विटकरी दिसू लागली. हिवाळा सरता सरता तळाशी बोटभर जाडीचा नारिंगी चिखल साचला, वर तेलासारखा तवंग आला, आणि एके सकाळी मासे पोट वर करून काठाला लागले. तेव्हा गावाने नाकाला रुमाल लावला, एकमेकांकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनी मिळून ओढ्याच्या वरच्या अंगाला बघितलं. तिथे तारेचा कारखाना होता.

कारखान्यात लोखंडी सळ्या ओढून त्यांची तार करत. ओढण्याआधी सळईवरचा गंज काढावा लागतो, म्हणून ती ॲसिडच्या टाकीत बुडवतात. गंज ॲसिडमध्ये उतरतो. असं ॲसिड लोखंडाने भरून कामातून गेलं की ते कुठे जातं, याबद्दल गावात ज्याचं त्याचं मत तयार होतं. मालक सांगायचा, टँकर येतो आणि घेऊन जातो. टँकर येताना लोकांनी पाहिला होता. भरून जाताना कोणी पाहिलाय का, असं निवृत्त हेडमास्तरांनी ओढा समितीच्या पहिल्याच बैठकीत विचारलं, तेव्हा एकही हात वर झाला नाही.

समितीने पाणी तपासायला शहरातल्या एका संस्थेत जायचं ठरवलं. त्या संस्थेत दगडांची वयं काढतात, समुद्रतळाचा गाळ तपासतात, आणि एका खोलीत नुसता लोखंडाचा माग काढतात. त्या खोलीच्या प्रमुख बाईला सगळे पाठीमागे लोखंडबाई म्हणत. तिला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. ओढा कुठला ते तिने ऐकलं आणि गावाचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. ते तिचं माहेर होतं. कारखाना तिच्या वडिलांनी उभा केलेला, आणि त्यांच्या मागे तो तिचा थोरला भाऊ चालवत होता.

हे तिने संचालकांना त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि तेवढ्या उशिरानेही संचालकांची भुवई वर गेली. ते म्हणाले, काम दुसऱ्या कोणाला देऊ. ती म्हणाली, लोखंडाची मोजणी इथे दुसरं कोण करतं? ते खरं होतं. शेवटी असं ठरलं की नमुने तिने आणायचे, पण बाटल्यांवरचे क्रमांक यंत्र सांभाळणाऱ्या इंजिनिअरने बदलून टाकायचे. कुठली बाटली कुठली, हे मोजणी संपेपर्यंत तिला कळू द्यायचं नाही.

"तुमच्यावर अविश्वास आहे म्हणून नाही," संचालक म्हणाले. म्हणजे होता.

काम काय आहे ते ती कोणालाही सोपं करून सांगायची. लोखंडाचे सगळे अणू एका वजनाचे नसतात. काही किंचित हलके, काही किंचित जड. खडकात या हलक्या-जडांचं जे प्रमाण असतं, जवळपास तेच पोलादात राहतं. वितळवा, ओढा, ॲसिडमध्ये पूर्ण विरघळवा, फारसा फरक पडत नाही. पण हवा न पोचणाऱ्या ओल्या मातीत काही जीवाणू राहतात. आपण प्राणवायू घेतो तसे ते गंजावर श्वास भागवतात आणि त्यातलं लोखंड पाण्यात सोडून देतात. तेव्हा हलके अणू आधी सुटतात. म्हणून जीवाणूंनी सोडलेलं लोखंड हलकं भरतं. फरक हजारात एक-दोनाचा असतो, पण तिच्या यंत्राला तेवढा पुरे. पाण्यातलं लोखंड टाकीतून आलं की मातीतून, हे अशा रीतीने विचारता येतं.

भावावर संशय यायला मात्र तिला यंत्र लागलं नाही. दादा लहानपणापासूनच झाकाझाक करणारा. एकदा काच फुटली तर त्याने आतून कॅलेंडरचं पान चिकटवलं होतं, आणि घरातल्यांना महिनोन् महिने पत्ता लागला नव्हता. शिवाय तिच्या संशयाला आणखी एक मूळ होतं, तेही तिला पक्कं ठाऊक होतं. रसायनशास्त्र शिकली ती. टाकीत काय चाललंय हे कळायचं तिला. वडिलांनी किल्ल्या दिल्या त्याला. तुला हवाय का, असं कोणी विचारलंसुद्धा नाही. ती तेव्हा काही बोलली नाही, शहरात निघून गेली, नावारूपाला आली. पण ओढ्याचं ऐकल्यावर मनात पहिल्यांदा उमटलं ते 'मला वाटलंच होतं', आणि त्यात थोडं समाधान होतं. त्याची तिला लाज वाटली, तरी ते गेलं नाही.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. एरवी आई आजारी असल्याशिवाय तो फोन करत नसे. हॉटेलात कशाला उतरतेस, घर आहे ना, खोली झाडून ठेवतो, तुझी बाटल्यांची पेटी न्यायला माणूस पाठवतो. इतका गोड तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. तिने हो म्हटलं, फोन ठेवला आणि बराच वेळ त्या फोनकडेच बघत बसली.

घरी वहिनीने तिला मिठी मारली, आईने गालावरून हात फिरवला. भाजी चिरता चिरता वहिनीने विचारलं, नुसतं पाणीच नेणार की माती-बिती पण? प्रश्न साधाच होता. पण तो वहिनीचा की दादाने विचारायला सांगितलेला, हे तिला ठरवता येईना. ती म्हणाली, बघू. जेवताना दादा गाडीबद्दल बोलला, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलला, आईच्या कानातल्या यंत्राबद्दल बोलला. कारखान्याबद्दल अवाक्षर नाही. आईला ऐकू कमी यायचं, पण डोळे शाबूत होते.

"तुम्ही दोघं ताटात बघून का जेवताय?" तिने विचारलं. "ताट काही पळून जात नाहीये."

सकाळी दादाने हौसेने कारखाना दाखवला. तार ओढायची यंत्रं, भेंडोळी बांधायची जागा, नवीन ऑफिस. ती ॲसिडशेडकडे वळली तसा त्याने तिच्या कोपराला हात लावला. आज तिथे वाफ फार आहे, खोकला लागेल, पुन्हा कधीतरी बघ. तिने मान डोलावली. पण शेडच्या भिंतीचा वरचा भाग पिवळट पडलेला होता आणि खालचा हातभर पट्टा ताज्या चुन्याने पांढराफेक केलेला होता, हे तिने पाहून ठेवलं.

ओढ्यावर हेडमास्तर आधीच येऊन उभे होते. पायात रबरी बूट, हातात छत्री, चेहरा परीक्षेच्या हॉलमध्ये असायचा तसाच. ती त्यांच्याच शाळेत शिकली होती.

"तू कोणाची मुलगी हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणून प्रत्येक बाटलीच्या वेळी मी जवळ उभा राहणार. राग मानू नकोस."

तिने राग मानला नाही. उलट तिला बरं वाटलं. निदान इथे तरी संशय तोंडावर बोलून दाखवला जात होता. ती बाटली बुडवी, गाळून घेई, झाकण लावी. हेडमास्तर झाकणावर चिकटपट्टी लावून तीवर सही करत. मध्ये एकदा तिने काडीने पाण्यावरचा तवंग ढोसला. तेल असतं तर तो फाटून पुन्हा जुळला असता. हा काचेसारखा तडकला आणि त्याचे तुकडे वेगवेगळे तरंगत राहिले. तवंग तेलाचा नव्हता, जीवाणू लोखंड सोडतात त्या पाण्यावर येतो तसा होता. ती त्याबद्दल काही बोलली नाही. ती काही बोलली नाही हे हेडमास्तरांच्या बरोबर लक्षात आलं.

संस्थेत परतल्यावर इंजिनिअरने क्रमांक बदलले, तिने बाटल्यांमधलं लोखंड वेगळं केलं, यंत्रात घातलं. मोजणी संपल्यावर इंजिनिअरने मूळ क्रमांक सांगितले. ओढ्यातलं लोखंड हलकं निघालं होतं, हजारात जवळजवळ दोनाने. पोलादाच्या आसपाससुद्धा नव्हतं. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि ती खुर्चीत मागे टेकली.

संचालकांनी आकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला. मग त्यांनी जे विचारलं ते तिला स्वतःलाच सुचायला हवं होतं. टाकीतलं लोखंड जमिनीतून झिरपत ओढ्याकडे आलं असेल तर वाटेत हवा लागून त्यातलं बरंचसं गंज होऊन बसलं असेल. बसतात ते जड अणू. मागे पाण्यात उरतात ते हलके. मग हे हलकं लोखंड जीवाणूंचं कशावरून? टाकीतल्याच लोखंडाची मागे राहिलेली शेपटी कशावरून नाही?

हा धडा ती विद्यार्थ्यांना स्वतः शिकवायची. भावाच्या बाबतीत तो नेमका विसरायला झाला. मग तिला स्वतःचाच संशय येऊ लागला. आधी दोषी ठरवायची घाई झाली होती, आता सोडवायची घाई झाली होती, आणि दोन्ही वेळा पुरावा मागाहून आला होता.

उत्तर गाळात होतं. लोखंड टाकीतलं असेल तर वाटेत आणि तळाशी बसलेला गंज जड भरेल. मुळातच हलकं आलं असेल तर गाळसुद्धा पोलादापेक्षा हलकाच निघेल. म्हणजे ओढ्याचा चिखल हवा, कारखान्याच्या जमिनीतली माती हवी, आणि टाकीतलं ॲसिडही हवं.

या वेळी तिने घरी कळवलं नाही. सुट्टीचा दिवस निवडला, गाडी पुलापाशी लावली आणि ओढ्याच्या काठाने कारखान्याच्या मागच्या बाजूला गेली. कुंपणाची एक तार लोंबत होती. तारेच्या कारखान्याला धड कुंपण नसावं याचं तिला हसू आलं. आत शिरून ती ॲसिडशेडच्या भिंतीशी वाकली, खुरप्याने चुन्याच्या पट्ट्याखालची माती उकरली आणि डबीत भरू लागली. माती पिवळी-हिरवी होती, लोखंडाने भरलेलं ॲसिड मुरलं की होते तशी.

"काय शोधतेयस?"

दादा मागे उभा होता. घरच्या कपड्यांत, हातात चहाचा कप. सुट्टीच्या दिवशीही तो इथे एक फेरी मारतो, हे ती विसरली होती. तिने डबीचं झाकण लावूनच वर पाहिलं.

"तू दाखवलं नाहीस ते."

त्याने तिच्या हातातल्या डबीकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "चिंगे, बाबांनी कारखाना तुला दिला असता तर आज अशी भिंतीमागे वाकली असतीस का?"

इतक्या वर्षांत हे वाक्य दोघांपैकी कोणीही उच्चारलं नव्हतं. ती उठून उभी राहिली, गुडघे झाडले. त्याला असंच वाटत असणार, हे तिला माहीत होतं. आता बोलून झाल्यावर ते खोटं आहे असंही तिला छातीठोकपणे म्हणता येईना.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण माती पिवळी आहे, दादा."

त्याने कप खाली जमिनीवर ठेवला, खिशातून किल्ली काढली आणि शेड उघडली. आत टाक्या रांगेत होत्या. शेवटच्या टाकीखालची फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ, नवीन काँक्रीटची होती. मग त्याने सांगितलं. हिवाळ्याच्या तोंडाला टाकीचा तळ गळतोय हे कळलं. किती दिवस गळत होता ते कळलं नाही. त्याने टाकी बदलली, फरशी फोडून नवी घातली, भिंतीला चुना मारला. कोणाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लागलं असतं आणि कामगार घरी बसले असते. त्यानंतर ओढा लाल झाला, आणि मग सांगायची सोयच उरली नाही.

"आणि फरशीखाली गेलं त्याचं काय?" तिने विचारलं.

दादाने खांदे उडवले. पण त्याचा चेहरा पाहून तिला कळलं की ओढ्यातलं लोखंड आपलंच आहे, असं तो स्वतःही धरून चालला होता. इतके महिने तो रोज पुलावरून जाताना खाली बघत होता आणि घरी येऊन कुत्र्याबद्दल बोलत होता.

"घे," तो म्हणाला. "हवं तिथून घे. फरशी फोडायची तर फोड."

दुपारी वहिनीने ताटं मांडली. वहिनीला सगळं आधीपासून माहीत होतं, हे तिने वाढलेल्या ताटांकडे ज्या तऱ्हेने पाहिलं त्यावरूनच समजलं. कोणी नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादाच्याच दोन कामगारांनी हाताने फिरवायच्या गिरमिटाने शेडपासून ओढ्यापर्यंत एका रेषेत भोकं पाडली. हेडमास्तर प्रत्येक भोकाशी छत्री रोवून उभे. शेडखाली माती पिवळी, ओली. पुढच्या भोकांत गंजाच्या शिरा. मग घट्ट चिकणमातीचा थर लागला आणि त्यापुढे ओढ्यापर्यंतची माती करडी, स्वच्छ. हेडमास्तरांना ते आवडलं नाही. कामगार मालकाचे, भोकं कुठे पाडायची ते त्यांनीच ठरवलं नसेल कशावरून? तिने त्यांनाच छत्रीच्या टोकाने जागा दाखवायला सांगितल्या. त्यांनी दाखवल्या तिथेही माती करडीच निघाली.

मग ती ओढ्यात उतरून चिखल घेऊ लागली. चालता चालता तिच्या लक्षात आलं की चिखल सगळ्यात जाड कारखान्याखाली नाहीच. तो थोडा पुढे, पलीकडच्या काठाला होता. तिथे गवताच्या बुंध्यातून पाणी पाझरत होतं. बाहेर येताना ते काचेसारखं नितळ होतं, आणि वीतभर अंतर जाईपर्यंत नारिंगी होत होतं. तिने ओंजळीत घेऊन वास घेतला. कुजक्या पाल्यासारखा वास आला. तिने वर पाहिलं. काठावर शाळेचं मैदान होतं.

"कारखाना त्या बाजूला आहे," हेडमास्तर वरून म्हणाले.

"माहीत आहे, सर."

"मग इकडची बाटली कशाला?"

सगळीकडची घ्यायची असते, असं सांगून तिने मैदानाबद्दल विचारलं. हेडमास्तरांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. इथे पूर्वी खडीचा जुना खोल खड्डा होता. पोरं त्याच्या काठावर खेळत आणि यांचा जीव टांगणीला. निवृत्तीच्या आधी हेच एक काम करून जायचं असा त्यांनी चंग बांधला. सॉ मिलवाल्याने भुसा आणि झाडांच्या साली फुकट दिल्या, ट्रकच्या ट्रक. खड्डा भरला, वर माती, वर हिरवळ. आता तालुक्यात असं मैदान नाही. ते सांगत होते आणि ती बाटलीच्या झाकणाशी चाळा करत होती. शेवटी त्यांनी बोलणं थांबवलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"तू काही बोलत का नाहीयेस?" त्यांनी विचारलं.

मोजल्याशिवाय बोलता येणार नाही, असं ती म्हणाली. त्यांनी त्या बाटलीवर सही केली, पण या वेळी सही वेडीवाकडी आली.

मोजणीत शंकेला जागा राहिली नाही. टाकीतलं ॲसिड पोलादासारखं. शेडखालची माती तशीच. तिथलं लोखंड चिकणमातीच्या अलीकडेच बसून राहिलं होतं. पलीकडच्या काठाचं पाझरणारं पाणी मात्र उगमापाशीच हलकं होतं, आणि ओढ्याचा चिखल जड नव्हता, तोही हलकाच होता. मैदानाखाली भुसा कुजत होता, कुजताना जमिनीतली हवा संपवत होता, आणि हवा संपल्यावर जीवाणू खडीवरचा, मातीतला गंज सोडवून पाण्यात घालत होते. ओढा मैदानाने लाल केला होता.

संचालकांनी विचारलं, अहवालात काय लिहिणार? तिने सांगितलं, दोन्ही. ओढ्याचं लोखंड कारखान्याचं नाही. आणि कारखान्याच्या जमिनीत ॲसिड गेलेलं आहे, ते काढायला हवं. संचालकांनी या वेळी भुवई वर केली नाही.

अहवाल शाळेच्या सभागृहात सांगायचा होता. त्याआधी तिने दादाला फोन केला. पहिलं त्याने तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग दुसरं ऐकल्यावर म्हणाला, "ओढा माझा नाही ना? मग हे कशाला सांगायचं?"

"कारण ते आहे," ती म्हणाली.

सभागृह भरलं होतं. दादा मागे, वहिनीजवळ बसला होता. तिने आधी मैदानाचं सांगितलं, आणि खुर्च्या करकरू लागल्या. मागून कोणीतरी म्हणालं, भावाचं लोखंड जड आणि शाळेचं हलकं, काय सोय आहे बघा. हशा पिकला. बाटल्यांचे क्रमांक मी बदलले होते, बाईंना काही माहीत नव्हतं, असं इंजिनिअर उठून म्हणाला. तर लोक म्हणाले, तुमचा पगार त्याच संस्थेतून होतो ना? संशयाला बसायला एक खुर्ची मिळाली की तो शेजारचीही ओढून घेतो. मग तिने गळतीचं सांगितलं. आता सगळ्यांनी विश्वास ठेवला. मघाशी जी बाई खोटारडी होती तीच आता अगदी खरं बोलत होती. दादा उठला आणि कोणाकडे न बघता बाहेर गेला.

हेडमास्तर पहिल्या रांगेत होते. ते शेवटपर्यंत खिडकीतून मैदानाकडे बघत होते.

पायऱ्यांवर वहिनीने तिला गाठलं. तिचे डोळे कोरडे होते. "पहिलं सांगून थांबता आलं असतं," ती म्हणाली.

"पहिलं मग कोणी मानलं असतं का?"

"आताही कुठे मानलंय?" वहिनी म्हणाली आणि नवऱ्यामागे निघून गेली.

ते खरंच होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर फावडं घेऊन एकटेच मैदानात गेले. गोलच्या खांबाजवळ त्यांनी हिरवळ कापली, खालची माती उपसली. माती संपल्यावर काळा, चिकट लगदा लागला, आणि त्याच्या वासाने त्यांना तोंड फिरवावं लागलं. खड्ड्यात पाणी भरलं. नितळ. ते तिथेच बाकावर बसून राहिले. दुपारपर्यंत त्या पाण्यावर नारिंगी साय आली होती. मग त्यांनी तिला फोन केला.

"सगळं काढावं लागेल?" त्यांनी विचारलं.

"सगळं, सर."

"शाळेत असतानाही तू बरोबर उत्तर मान खाली घालून द्यायचीस," ते म्हणाले. "मला वाटायचं, हिने कोणाचं तरी बघून लिहिलंय."

तिने मैदान उपसताना पाणी ओढ्यात जाऊ नये म्हणून काय करायचं ते समजावून सांगितलं. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं. पुढच्या समितीच्या बैठकीत त्यांनी स्वतः उभं राहून मैदान मी भरलं होतं असं सांगितलं. मग गावाला मानणं भाग पडलं, कारण हेडमास्तरांना तिचा भाऊ म्हणायची सोय नव्हती.

मैदान उपसायला सगळा उन्हाळा गेला. कारखान्याच्या ॲसिडशेडला सील लागलं, जमीन साफ होईपर्यंत. दादा तार बाहेरून आणून कशीबशी गिऱ्हाइकं सांभाळत होता, हे तिला आईकडून कळे. आई दोघांचे निरोप नेई, पण ऐकू कमी येत असल्यामुळे त्यातले निम्मे तिचे स्वतःचे असत. दादा तुझी चौकशी करत होता, असं आई सांगे. दादा असं म्हणाला असेल यावर तिचा विश्वास बसत नसे.

उन्हाळ्याच्या शेवटी तो स्वतः संस्थेत आला. दोन्ही हातांत मातीच्या डब्यांचे क्रेट, घामाने डबडबलेला. दारातच म्हणाला की शेडखालची फरशी फोडली, पुरुषभर माती काढली, आता खालची स्वच्छ आहे का ते बघून दे. तिने क्रेट घेतले आणि इंजिनिअरच्या टेबलावर ठेवले. इंजिनिअरने डब्यांवर नवीन क्रमांक टाकायला सुरुवात केली. दादा ते पाहत राहिला.

"अजूनही?" त्याने विचारलं.

"हे तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे," ती म्हणाली.

त्याचं समाधान झालं की नाही ते कळलं नाही. त्याने काचेतून यंत्राकडे पाहिलं, आतली ज्योत कुठली ते विचारलं. तिने दाखवली. हिच्यात लोखंड जळतं का, त्याने विचारलं. जळत नाही, अणू सुटे होतात, मग चुंबकाने हलके एका वाटेने आणि जड दुसऱ्या वाटेने वळतात, असं तिने सांगितलं. कामाबद्दल तिने त्याला काही सांगावं आणि त्याने ऐकावं, हे पहिल्यांदाच होत होतं. मग दोघं कँटीनमध्ये चहा प्यायले. तुझी वहिनी अजून रागात आहे, तो म्हणाला, पण आई विचारत होती. ती म्हणाली, आई रोजच विचारते. तो हसला. चहा संपवून, गाडीत माल आहे, असं म्हणून लगेच निघाला.

आठवड्याने तिने फोन केला. बाकी माती ठीक होती. पण ओढ्याच्या बाजूच्या कोपऱ्यातल्या डब्यात अजून टाकीतलंच लोखंड होतं.

"आणखी किती?" दादाने विचारलं.

"हातभर तरी. कोपऱ्यात थोडं जास्तच."

त्याने एक शिवी घातली. तिला की कोपऱ्याला, ते तिने विचारलं नाही. मग मागे कोणाला तरी गिरमिट काढायला सांगतानाचा त्याचा आवाज आला, आणि फोन बंद झाला.